पाहुण्याचा जामीन

मधुसूदन आठल्ये खोलीची किल्ली देताना नेहमी आकडे सुटे करून सांगत. "दो, शून्य, तीन." पाहुण्याने मान डोलावली तरी ते दोन बोटं, मग मूठ, मग तीन बोटं दाखवत. लखनौच्या त्या वनस्पती संशोधन संस्थेचं अतिथिगृह त्यांनी बत्तीस वर्षं सांभाळलं, आणि या बत्तीस वर्षांत कुणालाही 'दो सौ तीन' असं त्यांच्या तोंडून ऐकू आलं नाही. लोकांना ती त्यांची शिस्त वाटे. दिल्लीहून येणारे शास्त्रज्ञ तर कौतुकही करत. "माणूस चोख आहे. घोटाळ्याला जागाच ठेवत नाही."

खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला, सरोजला, ठाऊक होतं. मधुसूदनरावांना हिंदी आकडे येत नव्हते. वीसपर्यंत ठीक. पुढे पंचवीस, तीस, पन्नास अशी ठळक ठाणी माहीत होती. मधल्या गल्ल्यांमध्ये मात्र ते अजून चाचपडत. छियासठ आणि छिहत्तर, सड़सठ आणि सैंतालीस यांतला फरक त्यांच्या कानाला कधी कळलाच नाही. १९८३ साली देवरुखहून नोकरीला आले, तेव्हा 'महिन्याभरात येईल' असं म्हणाले. मग विचारायची लाज वाटू लागली, आणि ती लाज त्यांच्याबरोबरच वयात आली.

हिंदीने त्यांना पहिल्या प्रवासातच हिसका दाखवला होता. गाडीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, कहाँ जा रहे हैं? हे ऐटीत म्हणाले, "संशोधन करनेवाली संस्था में." गृहस्थ म्हणाले, "अच्छा, वहाँ ग़लतियाँ सुधारते हैं?" आपल्याकडे संशोधन म्हणजे शोध, तिकडे संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे त्यांना आठवड्याने कळलं. तेव्हापासून त्यांनी हिंदीचा पिच्छा पुरवला. १९९१ साली अहिंदीभाषक कर्मचाऱ्यांच्या निबंधस्पर्धेत पहिला नंबर मिळवला. ते प्रमाणपत्र रिसेप्शनच्या भिंतीवर, अग्निशामक नळकांड्याच्या वरच्या बाजूला, फ्रेम करून लावलं होतं.

त्या प्रमाणपत्रानेच त्यांना २०१५ साली गोत्यात आणलं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अतिथिगृहात पाहुण्यांसाठी वायफाय आलं. बसवायला आली जुई. संगणक विभागातली पंचवीस वर्षांची इंजिनियर, वडील बँकेत, घरी मराठी, पण जन्म लखनौचा. तिला मराठी सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"जुई, पूर्वी नुसता पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवायचे. तेवढं पुरत नाही का?"

"नहीं अंकल. अब हर गेस्ट का एक स्पॉन्सर होगा, कोई ऑफिसर, जो उसकी ज़िम्मेदारी ले. गेस्ट अपना लैपटॉप रजिस्टर करेगा, स्पॉन्सर के मोबाइल पर नंबर आएगा, वो नंबर डालो तब नेट चलेगा. एक घंटे बाद फिर से."

"आणि चुकीचा नंबर घातला तर?"

"तीन बार ग़लत, तो वो मशीन चौबीस घंटे के लिए बाहर."

मधुसूदनरावांना हे फार आवडलं. नियम आवडणारा माणूस होता तो. बत्तीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या एकाही नातेवाइकाला अतिथिगृहात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. वडील आले तेव्हा क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपले, आणि समोर अतिथिगृहाच्या अकरा खोल्या रिकाम्या होत्या.

सप्टेंबरात हिंदी पंधरवडा. वायफायच्या पडद्यावरचे सगळे शब्द हिंदीत हवेत, असा हुकूम निघाला. ते काम खरं म्हणजे राजभाषा अधिकारी प्रतिमा शुक्ला यांचं. पण त्या भाचीच्या बाळंतपणासाठी सुलतानपूरला गेल्या होत्या. कुणीतरी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. जुईने दहा इंग्रजी शब्दांची यादी मधुसूदनरावांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन रात्री घासूनपुसून हिंदीत आणली, वर चार नियम जोडले. चौथा कुणीच मागितला नव्हता: 'कोई भी जामिन अपने सगे-संबंधी का जामिन नहीं बनेगा.' संचालकांनी न वाचता सही केली.

पंधरा दिवसांत यादीचे पडसाद उमटू लागले.

स्पॉन्सरला त्यांनी 'जामिन' म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी कानपूरच्या एका वकिलाच्या मुलीने रिसेप्शनवर येऊन विचारलं, "भैया, हम किस जुर्म में अंदर हैं?"

मशीनला 'यंत्र' म्हटलं होतं, आणि ते खरं असल्याची खात्री पटवण्याला 'सिद्ध करना'. म्हणजे लॅपटॉप उघडला की पडद्यावर येई, 'कृपया अपना यंत्र सिद्ध करें.' बनारसहून आलेले वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक गंभीरपणे खाली आले. "आठले जी, यंत्र तो हम सिद्ध कर लें, पर उसके लिए अमावस्या चाहिए. और नींबू."

तासाभराने जोडणी तुटली की पाटी येई, 'महोदय, आपका समय पूरा हुआ. कृपया पुनः प्रवेश लें.' ही पाटी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शास्त्रज्ञांनी सकाळी सहाला, अंथरुणात, चष्मा लावता लावता वाचली. त्यांनी नागपूरला मुलाला फोन केला आणि मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते सांगितलं.

हे सगळं मधुसूदनरावांनी शांतपणे सोसलं. पण खरा वाद पहिल्या शब्दावरून पेटला. 'गेस्ट'ला त्यांनी लिहिलं होतं 'पाहुना'. 'अतिथि' फार संस्कृत, 'मेहमान' फार उर्दू. पाहुणा हा आपला घरगुती शब्द, आणि हिंदीत 'पाहुना' आहे हे त्यांनी कोशात बघून घेतलं होतं. नेटवर्कचं नावच 'पाहुना' ठेवलं गेलं. आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातले लोक वायफायचं नाव निघालं की तोंडाला पंचा लावून हसत.

जुईने समजावलं, "अंकल, यहाँ गाँव में पाहुन बोले तो दामाद. आपने पूरा दामाद नेटवर्क खोल दिया है."

सुलतानपूरहून परतलेल्या प्रतिमाजी त्याच संध्याकाळी रिसेप्शनवर हजर झाल्या. उंच, पांढरी शुभ्र वेणी, हातात कायम लाल शाईचं पेन. "आठले जी," त्या म्हणाल्या. त्या बत्तीस वर्षं 'आठल्ये' म्हणू शकल्या नव्हत्या. "हमारे यहाँ पाहुन आते हैं तो खाट बिछती है, शरबत आता है. उनसे पासवर्ड नहीं माँगा जाता."

"मैडम, पाहुना म्हणजे... यानी अतिथि. कोश में लिखा है."

"कोश में तो बहुत कुछ लिखा है. पूरे ज़िले में किसी से पूछ लीजिए. मैं संशोधन का प्रस्ताव भेज रही हूँ. आप हस्ताक्षर कर दीजिएगा."

संशोधन! तीस वर्षांपूर्वीच्या गाडीतला तो गृहस्थ मधुसूदनरावांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. "मी सही करणार नाही," ते मराठीत म्हणाले. प्रतिमाजींना अर्थ चेहऱ्यावरून कळला. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. प्रस्तावाचा कागद तीनदा आला आणि तीनदा सहीविना परत गेला. तिसऱ्या वेळी मधुसूदनरावांनी त्यावर शेरा मारला: 'अधोहस्ताक्षरी को हिंदी का पर्याप्त ज्ञान है.'

आणि नोव्हेंबरात खरंच जावई आला.

मुक्ता ही आठल्यांची एकुलती एक मुलगी. त्या फेब्रुवारीत तिचं लग्न झालं आणि ती कोईम्बतूरला गेली. नवरा अनुप पंपांच्या कंपनीत होता. पहिला दिवाळसण म्हणून दोघं लखनौला आले, आणि येताना बातमी घेऊन आले. चेन्नईची एक कंपनी लखनौत शाखा उघडणार होती. अनुपने अर्ज केला होता. मुलाखत व्हिडिओवर, सोमवार नऊ नोव्हेंबर, धनत्रयोदशी, सकाळी अकरा.

सरोजने ऐकलं आणि हातातला चिवड्याचा झारा तसाच धरून ती खुर्चीत बसली. "म्हणजे मुक्ता इथे?"

"मिळाली तर," अनुप म्हणाला.

 त्या दुपारी मधुसूदनराव वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या एका ओळखीच्या माणसाला भाड्याच्या घरांबद्दल फोन करताना सापडले. सरोजने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मुक्ता गेल्यापासून ते रोज साडेसातला फोनपाशी बसत, आणि तो वाजला की 'अगं, घे तुझ्या लेकीचा' म्हणून बायकोला देत, आणि मग दारामागे उभे राहून सगळं ऐकत.

रविवारी सकाळी क्वार्टर्ससमोरच्या रस्त्यात कुणीतरी खड्डा खणला. कुणी, कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण घरातलं ब्रॉडबँड मेलं ते मेलंच. मोबाइलचं नेट फक्त गच्चीवरच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर येई. अनुप हज़रतगंजमध्ये सायबर कॅफे शोधून आला. होता त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळत होती.

सोमवारी सकाळी नऊ वाजता सरोज म्हणाली, "अहो, समोर अतिथिगृहात एवढं नेट आहे."

"ते पाहुण्यांसाठी आहे."

"मग हा कोण आहे?"

"हा नातेवाईक आहे. नियम चार."

"नियम तुम्हीच लिहिलाय ना?"

"म्हणून तर."

"धन्य आहे!" सरोज म्हणाली. "वडिलांना व्हरांड्यात झोपवलंत, आता जावयाला टाकीवर चढवा. चढायला बूट आहेत का हो अनुपराव, की चपलाच?"

अनुप बिचारा म्हणाला, "बाबा, खरंच नको. मी टाकीवर उभा राहतो." टाय लावून टाकीला टेकलेला जावई मधुसूदनरावांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. तरी ते उठले आणि ड्यूटीवर गेले.

मुक्ता मात्र बापाच्या मुशीतली नव्हती. ती साडेनवाला थेट राजभाषा कक्षात गेली. प्रतिमाजींनी तिला फ्रॉकात पाहिलेलं. "आंटी, बाबा नियम नहीं तोड़ेंगे. मर जाएँगे, नहीं तोड़ेंगे."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रतिमाजी रिसेप्शनवर आल्या. मागे मुक्ता, तिच्यामागे लॅपटॉप छातीशी धरलेला अनुप. प्रतिमाजींच्या खांद्यावर मोठी रिकामी पिशवी होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या याहियागंजला धनतेरसची भांडी घ्यायला निघाल्या होत्या.

"आठले जी, एक पाहुना आया है. वाचनालय में बैठेगा. नियम के अनुसार दर्ज कीजिए."

मधुसूदनराव उभे राहिले. "मैडम, ये मेरा दामाद है."

"वही तो कह रही हूँ. पाहुना."

"नियम चार..."

"नियम चार कहता है आप जामिन नहीं बन सकते. मैं बनूँगी. मेरा तो कोई रिश्ता नहीं है. और नियम एक कहता है, यह नेटवर्क केवल पाहुनों के लिए है." त्यांनी भिंतीवरच्या यादीतल्या पहिल्या शब्दावर लाल पेन टेकवलं. "आपका शब्द है. संचालक जी के हस्ताक्षर हैं. बत्तीस साल में इस भवन में पहली बार कोई सही हक़दार आया है, और आप उसे रोक रहे हैं?"

स्वयंपाकघराच्या दारात तीन पंचे तोंडाला लागले होते. मधुसूदनरावांनी यादी वाचली. नियम वाचले. पुन्हा यादी वाचली. कागदापुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सुवाच्य अक्षरात नोंद केली: पाहुना, अनुप. जामिन, श्रीमती शुक्ला. यंत्र, एक.

प्रतिमाजींच्या मोबाइलवर नंबर आला, त्यांनी स्वतःच टाइप केला, आणि त्या रिक्शात बसून निघून गेल्या. अकराला मुलाखत सुरू झाली. मुक्ता देवळात गेली. मधुसूदनराव वाचनालयाच्या बंद दाराशी, घरी फोन ऐकत उभे राहत तसेच उभे राहिले.

मुलाखत अर्ध्या तासाची होती. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. लांबतेय म्हणजे बरं चाललंय, हे त्यांना कळत होतं. मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. जोडणी दहा सत्तेचाळीसला झाली होती.

आणि अकरा सत्तेचाळीसला दार उघडून अनुप लॅपटॉप हातात घेऊन बाहेर आला, पांढरा पडलेला. "बाबा, तुटलं. ते विचारत होते, लखनौलाच का यायचंय. मी 'कारण' म्हटलं आणि तुटलं. नंबर मागतोय. पाच मिनिटांत घालायचाय."

जुई दिवाळीच्या रजेवर, रेल्वेत, फोन बंद. मधुसूदनरावांनी लॅपटॉप रिसेप्शनच्या टेबलावर ठेवून घेतला आणि प्रतिमाजींना फोन लावला. पलीकडून पितळेचा, स्टीलचा आणि माणसांचा असा गदारोळ आला की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"मैडम! नंबर! नंबर आया होगा!"

"हाँ हाँ, आया है. लिखिए. उनहत्तर, सत्तासी, उनतालीस!"

मधुसूदनराव मनात फोड करू लागले. उनहत्तर. हत्तर म्हणजे आपलं बाहत्तर, त्र्याहत्तर, म्हणजे सत्तरीतलं. उन म्हणजे शेवटी नऊ. एकोणऐंशी! उनतालीस, म्हणजे चाळिशीतलं नऊ. त्यांनी टाइप केलं: ७९८७४९.

'यंत्र सिद्ध नहीं हुआ. दो अवसर शेष.'

"क्या हुआ? लग गया?" पलीकडून एक कढई पडल्याचा आवाज आला. "ऐ भैया, ये वाली नहीं, ढक्कन वाली!"

"मैडम, फिर से बोलिए."

"उनहत्तर! सत्तासी! उनतालीस!"

उन म्हणजे उणा, ते मनात म्हणाले. एकोण. एकोणसत्तर, एकोणचाळीस. हे जमलं. पण शंका एकदा शिरली की चांगल्या गोष्टींतही शिरते. सत्तासी की सत्ताईस? त्यांनी सत्तावीस टाइप केलं.

'यंत्र सिद्ध नहीं हुआ. एक अवसर शेष.'

"बाबा, दोन मिनिटं," अनुप म्हणाला.

"आठले जी, आप लिख क्या रहे हैं?"

मधुसूदनरावांनी समोर पाहिलं. भिंतीवर प्रमाणपत्र होतं, प्रथम क्रमांक, १९९१. बाजूला दारात स्वयंपाकघरातले तिघे होते. आणि फोनवर ती बाई होती, जिला त्यांनी गेल्याच महिन्यात लेखी कळवलं होतं की अधोहस्ताक्षरीला हिंदीचं पुरेसं ज्ञान आहे. त्यांना साडेसातचा फोन आठवला.

"मैडम," ते मोठ्याने म्हणाले, कारण गदारोळात हळू बोलून चालणार नव्हतं. "मुझे हिंदी की गिनती नहीं आती!"

याहियागंजमध्येसुद्धा क्षणभर शांतता झाल्यासारखी वाटली.

"क्या?"

"बीस के ऊपर नहीं आती! कभी नहीं आई! एक-एक अंक बोलिए! जैसे मैं चाबी देता हूँ!"

 मग प्रतिमाजींचा आवाज आला, एकदम सावकाश, पहिलीच्या वर्गात शिकवावं तसा. "छह. नौ. आठ. सात. तीन. नौ."

मधुसूदनरावांनी एकेक आकडा बोटावर मोजून टाइप केला. पडदा क्षणभर रिकामा राहिला. मग उमटलं, 'यंत्र सिद्ध हुआ. पाहुने का स्वागत है.'

अनुप लॅपटॉप घेऊन आत पळाला. या वेळी दार लावायला विसरला. चेन्नईचे तिघे अजून बसले होते. त्यातले मोठे साहेब, ज्यांनी कधीकाळी लखनौत नोकरी केली होती, रुमालाने डोळे पुसत होते. अनुपने स्वतःचा पडदा त्यांना दाखवायला चालू ठेवला होता, त्यामुळे जोडणी परत येताच 'महोदय, आपका समय पूरा हुआ' पासून 'यंत्र सिद्ध नहीं हुआ' पर्यंत पडद्यावर एकाखाली एक साचलेलं सगळं तिघांनी वाचलं होतं.

"तर," साहेब म्हणाले, "तुम्ही 'कारण' असं म्हणत होतात."

अनुप तयार केलेलं उत्तर विसरला. "कारण माझे सासरे," तो म्हणाला, "आत्ता बाहेर माझ्यासाठी हिंदी मोजत होते."

डिसेंबरच्या अकरा तारखेला नेमणुकीचं पत्र आलं. फेब्रुवारीत मुक्ता आणि अनुप वृंदावन योजनेत राहायला आले.

दिवाळीनंतर कचेरी उघडली त्या दिवशी मधुसूदनराव स्वतः राजभाषा कक्षात गेले. पेन उघडूनच गेले. "शुक्लाजी, वो संशोधन का कागद दीजिए. साइन करता हूँ."

प्रतिमाजींनी फाइल काढली, बघितली, आणि परत खणात टाकली. "अब रहने दीजिए. अब शब्द ठीक बैठ गया है." मग त्याच खणातून त्यांनी गुंडाळी करून ठेवलेला एक कागद काढला. एक ते सौ, हिंदी गिनती, प्रत्येक आकड्याशेजारी चित्र. उनहत्तरच्या शेजारी एकोणसत्तर बारीक आंबे होते. "याहियागंज में ही मिला. कढ़ाई के साथ."

मधुसूदनरावांनी तो तक्ता किल्ल्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून कुणाला दिसत नसे.

३० जून २०१६ ला ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत भाषणाला उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मैंने इस संस्था में..." आणि थांबले. पहिल्या रांगेत प्रतिमाजी पुढे झुकल्या. "...तैंतीस वर्ष सेवा की है."

प्रतिमाजींनी एकटीनेच टाळी वाजवली. बाकीच्यांना कळेना, एवढ्यातच टाळी कशासाठी. मग औचित्य म्हणून सगळ्यांनीच वाजवली. टाळ्या थांबल्यावर मधुसूदनराव पुढचं वाक्य विसरले होते, म्हणून त्यांनी भाषण तिथेच संपवलं आणि नव्या केअरटेकरच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. "ये दो, शून्य, तीन," ते म्हणाले. "इसका ताला ज़रा अटकता है."